यांनी देव्हाऱ्याचं दार लावून घेतलंय. लेकीला काय सांगू?

प्रीतिसंगम
नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायला आज पहिल्यांदाच बसले.

मुलगा नऊ वर्षांचा. फेब्रुवारीत ताप जाईना, पायांवर निळे डाग उठायला लागले म्हणून रक्त तपासलं आणि रक्ताचा कर्करोग निघाला, एएलएल. तिसऱ्या दिवशी आम्ही कराडहून मुंबईत. आज सात आठवडे झाले. मी आणि तो दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत राहतोय. हे शनिवारी रात्री येतात, सोमवारी दुकान उघडायला परत जातात. सहा वर्षांची लेक कराडला आजीजवळ आहे.

उपचारांबद्दल विचारायचं नाहीये, डॉक्टर नीट समजावून सांगतात. अडचण घरातली आहे. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नवस बोलला, लेकरू बरं झालं की घरापासून पालीपर्यंत अनवाणी चालत येईन म्हणून. दर रविवारी तळी भरतात, यांच्या हाती भंडाऱ्याची पुडी पाठवतात. आणि यांनी निदान झालं त्याच रात्री देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं. "नऊ वर्षांच्या पोराला हे देणारा देव मला नको," एवढंच बोलले. तेव्हापासून मायलेक एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. सासूबाई बंद दारासमोर उदबत्ती लावतात.

परवा फोनवर लेक म्हणाली, "आई, आजी म्हणते देव दादाला बरं करणार. बाबा म्हणतात देवबिव नाही. मग दादाला कोण बरं करणार?" मला उत्तर सुचलं नाही. नेटवर्क गेलं असं सांगून फोन ठेवला.

माझं स्वतःचं म्हणाल तर रोज वेगळं असतं. ज्या दिवशी काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, चांगले येतात त्या दिवशी हात जोडले जातात. अशा दिवसांत तुमच्या घरात सगळ्यांनी मिळून कशाला धरलं होतं? तेवढंच सांगा.

ओगलेवाडी
ताई, आम्ही तुमच्या शेजारचेच. आधी एक सांगा, प्लेटलेट द्यायला माणसं आहेत का? मुंबईत आमच्या गावची पंचवीसेक पोरं आहेत. रक्तगट कळवा.

सुलभाताई६२
लेकरा, आधी जेवलीस का नीट? धर्मशाळेत राहणाऱ्या आया स्वतःचं ताट विसरतात, म्हणून विचारते.

आमच्याकडे १९८८ साली ह्यांची गिरणी कायमची बंद पडली. लालबागच्या एका खोलीत आम्ही सहा माणसं. तुझ्या आजाराची आणि आमच्या उपासमारीची तुलना करत नाही. पण घरात तेव्हा असंच झालं होतं. सासरे रोज हरिपाठ म्हणणारे, आणि हे म्हणायचे, "हरिपाठानं रेशन मिळतं का?" धाकटी नणंद सासऱ्यांची शिष्या, दीर ह्यांच्या बाजूचा. जेवायला बसलं की वाद सुरू.

मग सासूबाईंनी एक नियम केला. दिवेलागणीला सगळ्यांनी घरात असायचं. देवाचं म्हणायचं त्यानं म्हणावं, नको त्यानं तांदूळ निवडावेत, पण बसायचं एकाच चटईवर. अर्धा तास. हे वर्षभर तांदूळच निवडत बसले. आमच्या तांदळात खडा कधी निघाला नाही, एवढं नक्की! :)

तुम्ही दोन गावांत आहात. फोन लावून ठेवायचा साडेसातला, रोज. बोललं नाही तरी चालतं.

कार्यकारणभाव
मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, त्यामुळे माझं म्हणणं काहींना रुचणार नाही. तरी लिहितो, कारण प्रश्न सहा वर्षांच्या मुलीचा आहे.

"देव बरं करणार" असं लहान मुलाला छातीठोकपणे सांगू नका. उद्या ताप आला, काउंट पडले, तर ती काय समजेल? देव रागावला, का, तर मी काहीतरी चुकले. मुलं दोष स्वतःकडे घेतात. माझ्या मामेबहिणीनं आईच्या आजारपणात कितीतरी दिवस गुपचूप गोड सोडलं होतं, आणि आई गेल्यावर "एकदा लाडू खाल्ला होता" म्हणून रडत होती. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

तिला खरं सांगा. डॉक्टर बरं करतायत, औषधं बरं करतायत. १९६० च्या आधी या आजारातून मूल क्वचितच वाचायचं. आज प्रगत देशांत दहातली नऊच्या आसपास बरी होतात. एकेक औषध तपासत, चुकत, पुन्हा करून बघत माणसांनी इथपर्यंत आणलंय. तुमच्या मुलाला व्हिंक्रिस्टिन देत असतील. ते सदाफुलीपासून मिळतं. तुमच्या अंगणात तुळशीजवळ असेल बघा, जांभळट गुलाबी फुलांची. लेकीला ते झाड दाखवा.

मीनल_सातारा
कार्यकारणभाव, लेकीबद्दलचं पटलं. पण आजीचा नवस हा काही मुलीला शिकवलेला धडा नाही. साठीपुढच्या बाईच्या हातात दुसरं काय आहे? ती मुंबईला येऊ शकत नाही, इंजेक्शन देऊ शकत नाही. चालणं तेवढं तिच्या हातात आहे, तेच ती द्यायला निघालीय.

कार्यकारणभाव
मीनल, मान्य. नवसाला माझा विरोध पैसा, जीव किंवा उपचार पणाला लागतो तेव्हा. पायी चालण्याला नाही.

शुभ्रवस्त्रा
परिचारिका आहे. बावीस वर्षं झाली, त्यातली चौदा लहान मुलांच्या कर्करोग विभागात. श्रद्धेवर माझं मत कुणी विचारू नये, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

पांढऱ्या पेशी खाली असताना तीर्थ नको. पंचामृत तर नकोच, त्यात कच्चं दूध आणि बाहेरचं दही असतं. भंडारा, अंगारा, उदी ही पूड श्वासातून जाते, शिरेत घातलेल्या नळीच्या, म्हणजे लाईनच्या, ड्रेसिंगवर बसते, नको. हारफुलं उशाशी नकोत. कापून ठेवलेला फळांचा प्रसाद नको. केळं, संत्रं हात धुऊन तिथल्या तिथं सोलून द्यायचं. सत्यनारायणाचा शिरा चालतो, पण समोर केलेला आणि गरम. आज्यांना मी हेच सांगते की प्रसाद शिजवलेला करा, देव शिऱ्यालाही नाही म्हणत नाही.

आणि वर सदाफुलीचं लिहिलंय म्हणून हात जोडून सांगते: तिचा पाला, रस, काढा कुणीही कुणालाही देऊ नये. झाड विषारी आहे. औषध कारखान्यात शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. हे वाचून कुणी पानं वाटायला घेईल, म्हणून लगेच लिहिलं.

ताप १००.४ किंवा वर गेला तर आरती अर्धी टाकून दवाखाना गाठायचा. घरी गोळी देऊन वाट बघायची नाही. मध्यरात्र असली तरी.

प्रीतिसंगम
सगळ्यांचे आभार. तिसऱ्यांदा वाचतेय.

ओगलेवाडी, बी पॉझिटिव्ह. मागच्या महिन्यात चार वेळा लागल्या. रक्तपेढीतले म्हणतात, आधी सांगून ठेवलेला माणूस हवा, कारण पिशवी पाचच दिवस टिकते.

शुभ्रवस्त्रा, भंडाऱ्याचं मला माहीतच नव्हतं. हे पुडी आणतात आणि मी रोज रात्री चिमूटभर लावत होते. पोराला आवडतं. येळकोट म्हटलं की हसतो. तो आता स्टेरॉइडमुळं सारखा भुकेला असतो, चेहरा गोल झालाय, पहाटे चारला उठून वरणभात मागतो. हसणं कमीच. म्हणून तेवढं एक होतं आमच्याकडं. आता सासूबाईंना कसं सांगायचं?

अजून एक. यांच्या चुलत्यांनी एक वैदू शोधलाय. म्हणतो, इंजेक्शनं बंद करा, माझी पूड द्या, एकवीस दिवसांत रक्त शुद्ध. चाळीस हजार मागतो. चुलते रोज फोन करतात.

कार्यकारणभाव
ताई, नाही. काहीही झालं तरी नाही. या आजारात केमो मध्येच सोडली की आजार उलटतो, आणि उलटलेला आजार जास्त चिवट असतो. चुलत्यांशी मी बोलू का? डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यासाठी अठरा वर्षं खेटे घालणाऱ्या माणसांना हेच थांबवायचं होतं. वैदूचं नाव इथं लिहू नका, मला व्यक्तिगत निरोपात पाठवा.

शुभ्रवस्त्रा
अनुमोदन. आणि पूड म्हणून काय देतात ते कुणालाच ठाऊक नसतं. काहींत धातू असतात, लिव्हर आधीच औषधांनी थकलेलं असतं.

माळवद
मी सास्तूरचा, किल्लारीजवळ. हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू का नको करत होतो.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला दहा-पाच मिनिटं कमी होती. गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं माळवद. ते सगळं अंगावर आलं. लातूर-उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास माणूस गेलं. आमच्या घरातली पाच. मी सात वर्षांचा, आज्जीच्या कुशीत होतो, खाटंखाली गेलो म्हणून राहिलो.

आदल्या रात्रीच "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून आलेलो. देवावर राग धरायचा हक्क कुणाला असंल तर तो त्या पहाटं आमच्या गावाला होता. आज्जीनं नंतर पत्र्याच्या शेडमध्ये देव मांडलाच नाही. माझे वडील उलटे. ते रोज पडलेल्या देवळाच्या जागी जाऊन नुसते बसायचे. आज्जी त्यांना कधी टोकली नाही. तेबी आज्जीला कधी म्हणले नाहीत की दिवा का लावत नाहीस. दोघं मिळून काय करायचे, तर संध्याकाळी मला मधी बसवून गेलेल्यांची नावं घ्यायचे. एकेकाचं नाव, आणि त्याची एक खोडी. काका कसा शिट्टी वाजवायचा. बहीण भाकरीचा पापुद्रा आधी कसा खायची. हे रोज. शेडमध्ये दीड वर्ष.

दुसऱ्या दिवाळीला आज्जीनं स्टीलच्या वाटीत तेल घातलं, कापसाची वात केली आणि शेडच्या दाराशी ठेवली. कुणाला म्हणली नाही का म्हणून. वडलांनीबी विचारलं नाही.

ताई, तुमच्या मालकाला दार उघडा म्हणू नका.

सुलभाताई६२
माळवद, काय लिहू. खाटेखालून निघालेल्या त्या लेकराला माझा आशीर्वाद.

तुंगारेश्वर
मी वसईचा, ख्रिस्ती. आमच्याकडे वडिलांना झटका आल्यावर भाऊ मिस्साला यायचा बंद झाला. आई रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, आम्ही बहिणी उत्तरं द्यायचो. भाऊ तेवढा वेळ वडिलांच्या लुळ्या हाताला तेल लावत बसायचा. रोझरीची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, संपेपर्यंत हाताची मालीश पुरी व्हायची. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाच होता, त्याला वेळ मिळाला रोझरीचा.

माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना असते, जा कधी. मेणाचे हात, पाय, लहान बाळं घेऊन सगळ्या धर्मांची माणसं रांगेत असतात. तुमच्या सासूबाईंचं चालणं आणि आमच्या आईचं मेणाचं हृदय, मला फारसा फरक दिसत नाही.

वारकरीपुत्र
माळवद आणि तुंगारेश्वर, दोघांचंही वाचून वडील आठवले. एकतीस वर्षं आळंदी ते पंढरपूर चाललेला माणूस. २०२० ला वारी झाली नाही, पादुका ३० जूनला एसटीनं गेल्या. त्याच महिन्यात आईचं डायलिसिस सुरू झालं. वडील गच्चीवर गळ्यात टाळ घालून रोज चालायचे, ज्या दिवशी जो मुक्काम तो मनात धरून. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद. खाली येऊन आईला सांगायचे, "आज निरा ओलांडली, पादुकांना स्नान घातलं." आई डोळे मिटून विचारायची, "पाणी किती होतं?"

ओगलेवाडी
वारकरीपुत्र, त्या वर्षी आमच्या चाळीच्या गच्चीवरही रिंगण झालं होतं. घोडा म्हणून माझ्या पुतण्याची सायकल.

वारकरीपुत्र
हो! आमच्याकडे खालच्या मजल्यावरचे तक्रार करायला आले आणि तेही चालायला लागले.

दामोदरपंत
धागा वारीकडे निघाला. ताईंनी गाडगेबाबांच्या धर्मशाळेचा उल्लेख केलाय. बाबांना कीर्तनात असताना एकुलता मुलगा गेल्याची बातमी आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. असं मन घट्ट करायला हवं.

मीनल_सातारा
दामोदरपंत, आदर ठेवून सांगते, ही गोष्ट आजारी मुलाच्या आईला सांगायची नाही. बाबा संत होते. तिनं घट्ट कशाला व्हायचं? बाबांचं घ्यायचंच असेल तर त्यांनी धर्मशाळा बांधल्या ते घ्यावं. दुःखात असलेल्या माणसाला आधी छप्पर आणि भाकरी, मग कीर्तन. ताई आज त्या छपराखालीच बसल्यात.

दामोदरपंत
चुकलं माझं. ताई, क्षमा करा.

रिकामा_झोपाळा
तुमच्या मालकांसाठी लिहितोय, त्यांना वाचून दाखवा किंवा दाखवू नका.

आमची मुलगी २०१६ ला गेली. हाच आजार, उपचार संपल्यावर उलटला. मीही देव बंद केला होता. बायको रोज रामरक्षा म्हणायची, मुलीच्या कपाळावर हात ठेवून. मी तेवढ्या वेळात बाहेर व्हरांड्यात जायचो. चिडून. दहा मिनिटं रोज, अडीच वर्षं. आज मला देव आहे का नाही याचं काही वाटत नाही. पण ती दहा-दहा मिनिटं मला परत हवी आहेत. मुलगी तेव्हा जागी असायची. एकदा म्हणाली होती, "बाबा, तुम्ही का जाता, आई छान म्हणते." मी पाणी आणायला जातोय म्हणून सांगितलं.

तुमचा मुलगा बरा होईल. बहुतेक मुलं होतात, आमच्या बरोबरची चार मुलं आज कॉलेजात आहेत.

शुभ्रवस्त्रा
🙏

कार्यकारणभाव
झोपाळा, काही लिहीत नाही. वाचलं.

सुलभाताई६२
प्रीतिसंगम, बरेच दिवस तुझा निरोप नाही. धागा वर काढते. पोर कसं आहे?

प्रीतिसंगम
तीन आठवड्यांनी लिहितेय. मध्ये ताप आला होता. शुभ्रवस्त्रा, तुमचे शब्द डोक्यात होते, रात्री पावणेदोनला टॅक्सी केली. नऊ दिवस आत होता, आता धर्मशाळेत परत आलोय. काउंट वर येतायत.

रिकामा झोपाळा यांचं मी यांना वाचून दाखवलं नाही, फोनच हातात दिला. वाचून झाल्यावर जिना उतरून खाली गेले. बऱ्याच वेळानं आले आणि पोराचे पाय चेपत बसले. त्या आठवड्यात दुकान उघडायला गेले नाहीत, धाकट्या दिरांनी बघितलं.

कराडला गेल्यावर देव्हारा काही उघडला नाही यांनी. पण साडेसातला फोन लावतात. सासूबाई दिवा लावतात, हे शेजारी बसून मोटारसायकलच्या पार्टचा हिशोब लिहितात. सुलभाताई, तांदळाऐवजी आमच्याकडं नटबोल्ट. लेक मधे बसते. आम्ही दोघं इकडं पलंगावर.

भंडाऱ्याचं सासूबाईंना यांनीच सांगितलं. मला वाटलं होतं भडका उडेल. त्या एवढंच म्हणाल्या, "मग मी माझ्या कपाळाला लावते, त्यानं फोनमधून बघावं." आता तळी झाली की फोनजवळ कपाळ आणतात, इतकं जवळ की नुसतं पिवळं दिसतं. पोरगं येळकोट म्हणतं आणि हसतं.

वैदूचं चुलत्यांशी कार्यकारणभाव बोलले. तासभर. चुलत्यांनी वैदूसाठी फोन करणं बंद केलंय, आता फक्त विचारपूस करतात.

लेकीनं परत तोच प्रश्न विचारला, या वेळी यांना. हे म्हणाले, "दादाला डॉक्टर बरं करतायत. आजी देवाला सांगतेय. मला देवाचं माहीत नाही, पण मी रोज इथं बसणार." ती म्हणाली, "आणि मी?" तिला सदाफुलीला पाणी घालायचं काम दिलंय. पाच झाडं आहेत आमच्या दारात, मला मोजून सांगितली. त्यातली दोन फुलं सासूबाई बंद दाराच्या कडीत खोवतात. पानं कुणी तोडायची नाहीत, असा बोर्ड तिनं खडूनं भिंतीवर लिहिलाय.

उद्या पाठीचं इंजेक्शन आहे, गुरुवारी प्लेटलेट लागतील बहुतेक. ओगलेवाडी, तुम्ही पाठवलेल्या दोघांपैकी एकाचंच हिमोग्लोबिन बसलं, अजून एक माणूस हवाय.

कार्यकारणभाव
बी पॉझिटिव्ह आहे. गुरुवारी सकाळी नऊला येतो. अ‍ॅस्पिरिन वगैरे काही घेतलेलं नाही.

शुभ्रवस्त्रा
पोटभर नाश्ता करून जा. दीड तास धरून चला.

सुलभाताई६२
मी परळला येऊन शिरा देऊन जाईन, दोघांनाही. पोराचा तिथंच गरम करून घेऊ. साजूक तुपातला चालतो ना गं?